पुनर्रचना करा, पण स्टाफला कळू देऊ नका

अभिनंदन साहेब! कर्नाटक सरकारच्या एका तंत्रज्ञान खात्याची खुर्ची तुम्हाला मिळाली आणि बसल्या बसल्या पुनर्रचनेची हुक्कीही आली. येणारच हो. नवीन साहेब आले की आधी केबिनमधलं टेबल फिरतं, मग माणसं. आता हे स्टाफला सांगायचं कसं एवढंच राहिलंय, तर त्यासाठी मी आहे की. आमच्या बेळगावच्या ऑफिसात नुकताच हा सोहळा पार पडला. आमचं सेक्शन दुसऱ्या विंगमध्ये विलीन झालं आणि ही बातमी मला दिली ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्यानं. "काय ओ, तुमचं सेक्शन उडालं म्हणे?" त्याच्याकडं ऑर्डरच्या कॉप्या काढायला आल्या होत्या, त्यानं वाचली, वर मला व्हॉट्सअॅपवर फोटो पण पाठवला. इतकं फास्ट कम्युनिकेशन एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बघितलं नव्हतं. त्या अनुभवाच्या जोरावर हा सल्ला, एकदम फुकट, जीएसटी पण नाही.

पहिलं म्हणजे मुहूर्त. ऑर्डरवर सही शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर करायची, आणि शुक्रवार असा धरायचा की लगेच दुसरा नाहीतर चौथा शनिवार आला पाहिजे. मग दोन दिवस अख्खं खातं एकमेकांना फोन करत बसतंय आणि तुमचा फोन तेवढा लागत नाही. सोमवारी लोक थकूनच येतात, भांडायला जोर राहत नाही.

ऑर्डर ई-ऑफिसमध्ये, म्हणजे फायलींच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये, अजिबात टाकू नका. तिथं सगळ्यांना लॉगिन आहे, सगळ्यांना एकाच वेळी कळेल, मग मजा काय राहिली? त्यापेक्षा प्रिंट काढा, सही करा, तिरका स्कॅन करा, त्या स्कॅनचा फोटो काढा आणि एकाच माणसाला पाठवा, शक्यतो ज्याला पोटात काही राहत नाही त्याला. पेपरलेस ऑफिसची भाषणं आपण बाहेरच्यांना देतो, घरात कशाला. आणि हो, ऑर्डरीत "नावे अनुबंध-२ मध्ये पाहावीत" असं ठळक लिहायचं आणि अनुबंध-२ जोडायचा नाही.

प्रश्नांसाठी एक ईमेल आयडी द्या. तो अजून तयार झालेला नसला तरी चालतंय.

"अफवांवर विश्वास ठेवू नये" असं सर्क्युलर काढा, म्हणजे ज्यांच्यापर्यंत अफवा पोचली नव्हती त्यांच्यापर्यंतही पोचेल.

मग बेंगळूरहून व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, घ्या. सगळे जिल्हे एकदम, सगळे म्यूट. स्क्रीनवर पीपीटी लावा, त्यात डबे आणि बाण भरपूर पाहिजेत. आमच्या वेळी तीन व्हर्टिकल, म्हणजे तीन उभे विभाग, दाखवले आणि आमच्या सेक्शनचा डबा कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांच्या रेषेला लटकत होता. ठिपक्यांची रेष म्हणजे काय, म्हणजे आम्ही कुणाला रिपोर्ट करायचं, की कुणालाच नाही? म्यूट. कणकुंबीकडं असलेला आमचा एक जण मोबाईल घेऊन नेटवर्क शोधत पावसात उभा होता, त्याला तर शेवटचं "थँक यू ऑल" एवढंच ऐकू आलं, आणि खरं सांगू का, आमच्यात त्याचंच सगळ्यात कमी नुकसान झालं.

बेळगावचे लोक बोंबलतील ही भीती तर सोडूनच द्या. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचीच पुनर्रचना झालीय, रात्री मुंबई राज्यात झोपलेली माणसं सकाळी म्हैसूर राज्यात उठली, पुढं १९६६ ला सीमावादावर महाजन आयोग बसला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात त्याचीच केस आहे. वाट बघायच्या बाबतीत आमचा हात कुणी धरणार नाही. तुमची ऑर्डर काय, सोसू.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पगार. पगाराबद्दल एक अक्षर काढायचं नाही. "ऑर्डर तात्काळ लागू" एवढं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पुढचं आपोआप होतंय. डीडीओ, म्हणजे पगार काढणारा अधिकारी, बदलला, म्हणजे पगाराच्या एचआरएमएस सिस्टीममध्ये इकडून रिलीव्ह व्हायला पाहिजे, तिकडं जॉइन करून घ्यायला पाहिजे, एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, जायला पाहिजे, आणि जुना डीडीओ म्हणतो अनुबंधच नाही तर कशाच्या आधारावर सोडू, नवा म्हणतो त्यांनी सोडलंच नाही तर मी कसं घेऊ, मग सुपरिंटेंडंटना विचारायचं तर ते "गोत्तिल्ल री", म्हणजे माहीत नाही हो, म्हणून परत फायलीत डोकं घालतात, त्यांचं तरी काय चुकलं, त्यांचं स्वतःचं नाव कुठल्या डब्यात आहे त्यांना माहीत नाही, आणि तोपर्यंत बिलाची तारीख जाते, सरकारी तिजोरीची खजाने-२ सिस्टीम कुणासाठी थांबत नाही, आणि बँक पण थांबत नाही ओ, हप्ता तारखेला कटतोय, बँकेला काय सांगू, आमचं विलीनीकरण चाललंय? त्यात डिजिटल सहीचा डोंगल जुन्या पदावर आणि नव्या पदाचं लॉगिन कुणी बनवायचं तर ज्या सेक्शननं बनवायचं ते आम्हीच, जे आता नाही. इकडं खानापूरकडून एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून आलेत, त्यांचा अर्ज जुन्या लॉगिनमध्ये अडकलाय, आणि मी त्यांना सांगतोय मामा पुढच्या आठवड्यात या. ते म्हणाले, "मागच्या खेपेला पण तुम्ही हेच म्हणालासा."

याच राज्यात २०११ चा सकाला कायदा आहे. लोकांची सेवा मुदतीत दिली नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, आणि ते चुकलेल्या अधिकाऱ्याकडून. म्हणजे मामांना उशीर झाला तर माझ्या खिशाला झळ. मला माझं टेबल कुठलं हे सांगायला उशीर झाला तर कुणाच्या खिशाला? आमच्यासाठी मुदतच नाही, मग उशीर तरी कसा होईल!

आणि आउटसोर्सवाले. त्यांना तर काहीच सांगू नका, ते स्टाफच नाहीत ना. डेटा एंट्रीला आहेत, सर्व्हरचे पासवर्ड त्यांना पाठ आहेत, पोर्टल बंद पडलं की रात्री अकराला आपण त्यांनाच उठवतो, पण अनुबंधात मंजूर पदंच येणार, त्यांची पदं मंजूर नाहीत म्हणून ते कुठल्याच लिस्टीत नाहीत. आमच्याकडं एक मुलगी संकेश्वरहून रोज ये-जा करते, बायकांना फुकट बस देणाऱ्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून तिकीट लागत नाही म्हणून तेवढं तरी परवडतंय तिला. व्हीसीनंतर तिनं मला विचारलं, सर, माझं काय होणार? मी म्हटलं विचारून सांगतो. एजन्सीला विचारलं तर ते म्हणाले खात्याकडून लेटर नाही. खात्याला विचारलं तर म्हणाले हा एजन्सीचा प्रश्न. सेक्शनच उरलं नाही तर तिच्या हजेरीवर सही कोण करणार, आणि सही नाही तर एजन्सी पगार सोडत नाही, पीएफ तर लांबच राहिला. ती अजून येते. रोज येऊन बसते आणि कामही करते!

उपरोध वगैरे बास झाला आता. सरळ बोलतो. आमचं सेक्शन उडवणारे साहेब तुम्हीच.

तुमच्या पुनर्रचनेला आमचा विरोध नाहीच. दोन सेक्शन एकच काम करत होती हे तुमच्या कन्सल्टंटच्या आधी आम्हाला माहीत होतं, विचारलं असतं तर एका चहात सांगितलं असतं, त्याला फी पण लागली नसती. कदाचित तुमचा निर्णय बरोबरच असेल. पण बरोबर निर्णय तोंडावर सांगायची हिंमत नसलेला माणूस खातं चालवायला घेतो कशाला? आमच्यासमोर उभं राहून पाच माणसांचे प्रश्न ऐकून घ्यायची भीती वाटते म्हणून तुम्ही शुक्रवारची संध्याकाळ निवडली. मुद्दाम निवडली, योगायोग नव्हता तो. लाज वाटली पाहिजे.

आणि हे फक्त आमच्या मानापमानाचं नाही. १९६८ साली मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरनं लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांच्या हातून सिस्टीम घडते. आपल्या पोर्टलवर एकाच माणसाचं नाव तीन स्क्रीनवर तीन तऱ्हेनं का येतंय याच्या मिटिंगा घेता ना तुम्ही? ती तीन सेक्शनं आपसात बोलत नाहीत, म्हणून येतंय. आता विलीनीकरणातून चौथं केलंत, आणि त्याच्याशी तर तुम्ही पण बोलत नाही.

एक पान लागतं हो. कोण कुठं जाणार, कधीपासून, कुणाच्या हाताखाली, पगार कुठला डीडीओ काढणार, अर्धवट राहिलेले अर्ज कुणाकडं. जे अजून ठरलं नाही त्यापुढं "ठरलं नाही" असं लिहा, आम्हाला चालतंय, लहान पोरं नाही आम्ही. साध्या भाषेत, सगळ्यांना एकाच वेळी, सही करायच्या आधी. एवढं पण जमत नसेल तर ते ट्रान्स्फॉर्मेशनचे बोर्ड काढून ठेवा भिंतीवरनं.

आणि उद्या ऑफिसला गेलात की पीपीटी उघडायच्या आधी त्या संकेश्वरच्या पोरीचा पगार झाला का ते विचारा. पीएला लावू नका, स्वतः फोन करा. नंबर तुमच्या एचआरएमएसमध्ये सापडायचा नाही, एजन्सीकडं मागावा लागेल.