मँटिसची अंडी घरात आणू नका, ती बाहेरच तगतात

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आत्याकडे मँटिसच्या अंड्यांबद्दलचा एक फॉरवर्ड पोचला आणि तिने मागच्या अंगणातली फांदी अंड्यांच्या गोळ्यासकट कापून, बरणीत घालून हीटरजवळ ठेवली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

फॉरवर्डचं म्हणणं असं: प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, न्यू जर्सीच्या थंडीत मरतात आणि त्यांची अंडीही गोठतात. तेव्हा अंडी घरात घ्या, मोठी मादीही आणून जगवा. वसंतात एका गोळ्यातून चारशे पिल्लं निघतील आणि बागेत कीड उरणार नाही. शिवाय मँटिस मारल्यास 50 डॉलर दंड.

सगळ्यात घातक सल्ला अंडी घरात घेण्याचा. तिकडच्या बागांत सर्रास दिसणारा गोळा चिनी मँटिसचा असतो: अक्रोडाएवढा, भुरा, वाळलेल्या फेसासारखा. हा कीटक फिलाडेल्फियाजवळ पहिल्यांदा आढळला 1896 साली. सव्वाशेहून जास्त हिवाळे त्याने कुणाच्याही दिवाणखान्याशिवाय काढले आहेत! त्या फेसातून उष्णता निर्माण होत नाही. तो तापमानाचे झटके सौम्य करतो आणि आतला ओलावा धरून ठेवतो. थंडी सोसण्याची ताकद मुळात अंड्यांचीच असते.

घरातल्या उबेत मात्र अंड्यांना वसंत आल्यासारखं वाटतं. चार ते सहा आठवड्यांत, म्हणजे ऐन डिसेंबर-जानेवारीत, शे-दोनशे पिल्लं एकदम बाहेर पडतात. डासाएवढी ती पिल्लं झाकणाच्या भोकांतून सहज निसटतात. त्यांना लागतात जिवंत फळमाश्या किंवा मावा (झाडांवरची बारीक कीड), आणि बाहेर बर्फ. काही दिवसांत ती एकमेकांना खातात, उरलेली उपाशी मरतात. ख्रिसमसच्या झाडाला चिकटून आलेल्या गोळ्यांचं हेच होतं. लवकर फुटली नाहीत, तरी हीटरची कोरडी हवा अंडी सुकवते.

मादीला जगवण्याचं म्हणाल, तर तिचं आयुष्य एका मोसमाचंच. घरात ती काही आठवडे जास्त जगेल, पुढचा उन्हाळा पाहणार नाही.

एक गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढी मान्य करते: गोळ्याला मदत लागते ती साफसफाईच्या वेळी. वाळलेली झुडपं कापून कचऱ्यात टाकली की अंडीही जातात. जमिनीवर पडलेल्या गोळ्याला उंदीर, मुंग्या आणि कुजण्याचा धोका. म्हणून काड्या मेपर्यंत उभ्याच राहू द्या. कापणं टळतच नसेल, तर गोळ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून 15–20 सेंमी काडी ठेवा. ती दाट झुडपाच्या आतल्या फांदीला, जमिनीपासून साधारण मीटरभर उंच, सुतळीने गोळ्याच्या वर आणि खाली बांधा. वरची बाजू वरच राहू द्या. गोळ्यावर मधोमध जी उभी पट्टी असते तिच्यातून पिल्लं निघतात, तिच्यावर दोरी नको. गोंद नको. प्लॅस्टिकही गुंडाळू नका, आत पाणी साचून बुरशी धरते. गोळ्याच्या बाजूंना बारीक गोल भोकं दिसली, तर परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडून गेल्या आहेत असं समजा.

‘कीड उरणार नाही’ हे साफ चूक. मँटिस मित्रकीड-शत्रुकीड पाहत नाही, मधमाश्या आणि फुलपाखरंही खातो. ‘विल्सन जर्नल ऑफ ऑर्निथॉलॉजी’त 2017 साली आलेल्या आढाव्यात मँटिसने लहान पक्षी पकडल्याच्या 147 नोंदी आहेत, 13 देशांतल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेतल्या, आणि तिथे मुख्य बळी हमिंगबर्ड. हमिंगबर्डसाठी टांगलेल्या गोड पाण्याच्या फीडरजवळ मँटिस दिसला तर उचलून दूरच्या झुडपात सोडा. गोळे विकत आणून संख्या वाढवू तर नकाच.

दंडाची गोष्ट जुनी अफवा आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने 1977 मध्ये युरोपीय मँटिसला राज्यकीटक केलं, पण म्हणून त्याला मारणं गुन्हा ठरत नाही.

बरणी आधीच घरात आली असेल आणि दोन-चार दिवसच झाले असतील, तर आजच काडी बाहेर बांधा. दोन-तीन आठवडे उलटले असतील, तर आतली वाढ सुरू झाली असण्याची शक्यता आहे, थेट गोठणाऱ्या थंडीत नेऊ नका. भोकं पाडलेल्या डब्यात पिळलेला ओला टिश्यू गोळ्याला न टेकेल असा ठेवा आणि डबा फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात घाला. वाढ मंदावते. आठवड्यातून एकदा बुरशी तपासा, आणि रात्री गोठणं थांबलं की बाहेर बांधा.