आठवा माणूस कुठून आणायचा?

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्यातला एक आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप, तिथे तो कुणी आणि का टाकला देव जाणे. मजकूर थोडक्यात असा: "ठाणे-नवी मुंबईतली कार्डांची दुकानं टूर्नामेंटचा फॉरमॅट ठरवतात तो फक्त पाकिटं खपवायला. सगळं वरून कंपनी ठरवते, दुकानदार नुसता नंदीबैल. कमांडरमध्ये विक्री नाही म्हणून त्याला डावलतात. पॉपरसारखा स्वस्त फॉरमॅट असताना पोरांना महागड्या स्टँडर्डमध्ये ढकलतात. ग्रुपवर मतदान घ्या, बहुमताने ठरवा. पुढे पाठवा." (अनोळखी माणसासाठी: ही दुकानं मॅजिक, पोकेमॉन, यू-गी-ओह अशा पत्त्यांच्या खेळांची. कार्डं बंद पाकिटांत येतात, ती जमवून खेळाडू आपला संच, म्हणजे डेक, बांधतो. कोणती कार्डं चालतील आणि कसं खेळायचं याचे नियम म्हणजे फॉरमॅट; कमांडर, पॉपर, स्टँडर्ड हे मॅजिकचे फॉरमॅट.)

मी नौपाड्यातल्या एका दुकानात शनिवारी संध्याकाळी पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, लावायला बसतो. पगार नाही, चहा मिळतो आणि स्लीव्हवर, म्हणजे कार्डांच्या प्लॅस्टिक खोळींवर, थोडी सूट. तेव्हा मी काही तटस्थ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य एकमेकांचे पाय ओढतात. दुकानदार स्वतःचा गल्ला भरायला फॉरमॅट ठरवत असेल तर तो नंदीबैल नाही, आणि नंदीबैल असेल तर ठरवणारा तो नाही. पण असो, एकेक घेऊ.

पाकिटं खपवण्याचं आधी. मॅजिकमध्ये ज्या फॉरमॅटमुळे पाकिटं थेट फुटतात ते दोनच: ड्राफ्ट आणि सील्ड, दोन्हींत डेक जागेवर फोडलेल्या पाकिटांतूनच बांधायचा. ड्राफ्टला माणशी तीन बूस्टर, म्हणजे तीच पाकिटं, आठ जणांचं टेबल बसलं की चोवीस बूस्टर जागेवर उघडले. सील्डला माणशी सहा. इथे मेसेज बरोबर आहे, आणि कुणी ते लपवतही नाही; एंट्री फीमध्ये पाकिटांचे पैसे धरलेले असतात. पण मेसेजचा राग आहे स्टँडर्डवर, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटांची (एकत्र निघालेल्या कार्डांच्या मालिकांची) कार्डं चालतात त्या फॉरमॅटवर, आणि स्टँडर्ड खेळणारा पाकिटं घेत बसत नाही. त्याला एका विशिष्ट कार्डाच्या चार प्रती हव्या असतात. पाकीट फोडून त्या चार जमवायच्या म्हणजे लॉटरीची तिकिटं घेऊन घराचा हप्ता भरण्यासारखं आहे. तो काउंटरवर येतो, सिंगल्सची, म्हणजे सुट्या कार्डांची, वही चाळतो, नाहीतर दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करतो. आमच्याकडे स्टँडर्डच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त खपतात त्या स्लीव्ह, आणि त्यानंतर खालच्या गाड्यावरचा वडापाव, ज्यात दुकानाचा हिस्सा शून्य.

कमांडरचं तर उलटंच आहे. हा फॉरमॅट खेळाडूंनीच जन्माला घातला हे खरं, पण 2011 पासून मॅजिक काढणारी कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, त्याचे शंभर कार्डांचे तयार डेक छापून विकते आहे. नवा माणूस दुकानात शिरतो, डबा घेतो, दहा मिनिटांत टेबलावर बसतो. विक्रीच्या दृष्टीने याहून सोयीचा फॉरमॅट शोधून सापडायचा नाही. मग टूर्नामेंट म्हणून तो कमी का लागतो? कारण चार जणांचा एक डाव तासाभरात संपला तर नशीब, दीड तास सहज जातो. शिवाय चौघांच्या खेळात तिसरा माणूस ठरवतो की पहिल्याला जिंकू द्यायचं की दुसऱ्याला. त्यावर बक्षीस ठेवलं की साटंलोटं, रुसवे-फुगवे, आणि "तू मुद्दाम मलाच मारलंस" हे वाक्य दर पंधरा मिनिटांनी. म्हणून बहुतेक ठिकाणी कमांडरची रात्र असते, स्पर्धा नसते. याला डावलणं म्हणत नाहीत.

आता कंपनी. इथे मेसेजवाल्याला मी काही गुण मोकळ्या हाताने देतो. प्रीरिलीजचा, म्हणजे नवा सेट बाजारात येण्याआधीच्या इव्हेंटचा, फॉरमॅट आणि आठवडा, दोन्ही वरून येतात. गोविंदा आणि प्रीरिलीज एकाच दिवशी आले तर टेंभीनाक्याचा रस्ता कंपनीसाठी मोकळा होत नाही. आम्हीच वेळ सकाळची करतो. पोकेमॉनमध्ये तर दुकानाला फारसा वावच नाही: लीग चॅलेंज, लीग कप या अधिकृत स्पर्धा घ्यायच्या तर त्यांचं स्वतःचं स्टँडर्ड, आणि कार्डाच्या कोपऱ्यातलं नियमाचं अक्षर बघून ते चालतं की नाही ठरतं. यू-गी-ओहमध्ये रोटेशनच, म्हणजे जुनी कार्डं वेळोवेळी बाद करणंच, नाही, बंदी आणि मर्यादेची यादी येते ती सगळ्यांना सारखी. फार तर कुणी हौसेने 2005 ची गोट किंवा 2010 ची एडिसन यादी काढून एखादी जुन्या आठवणींची रविवार-सकाळ करतं. कमांडरचे नियमही वर्षानुवर्षं स्वतंत्र समिती बघायची. सप्टेंबर 2024 मध्ये काही महागड्या कार्डांवर बंदी आली, गदारोळ झाला, आणि महिना संपायच्या आत कारभार कंपनीकडे गेला.

तरीही मॅजिकच्या साध्या शनिवारी काय लावायचं हे दुकानच ठरवतं. स्टँडर्ड, पायोनियर, मॉडर्न, पॉपर, ड्राफ्ट, सगळं समोर मांडलेलं असतं. आणि निवड होते ती ज्याला मी 'आठवा माणूस' म्हणतो त्याच्यावरून.

हिशोब सोपा आहे. आठ खेळाडू असले की स्विस पद्धतीने (कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात) तीन राउंडमध्ये एकच अपराजित उरतो. एक राउंड पन्नास मिनिटांचा. जादाच्या पाच टर्न, निकाल लिहिणं, पुढची पेअरिंग धरून तासच. साडेचारला सुरू केलं की साडेसातला मोकळे. नववा आला की चौथा राउंड लागतो, शिवाय दर राउंडला कुणीतरी जोडीदार नाही म्हणून बाय घेऊन मोबाइल बघत बसतो, आणि दुकान साडेआठपर्यंत उघडं. खारघर-नेरूळहून आलेली पोरं तिसऱ्या राउंडपासूनच ट्रान्स-हार्बरची गाडी बघायला लागतात. आठाऐवजी सहाच आले तर? तीनच टेबलं, मजा अर्धी. पाच आले तर मी टूर्नामेंट रद्द करतो आणि सगळ्यांना चहा सांगतो.

म्हणजे प्रश्न "कोणता फॉरमॅट चांगला" हा नसतोच. प्रश्न असतो: या शनिवारी, या गावात, कोणत्या फॉरमॅटचा पूर्ण, नियमात बसणारा डेक आठ जणांच्या पिशवीत आहे?

यावर मेसेजचं उत्तर मतदान. ते आम्ही करून पाहिलंय. दोन पावसाळ्यांपूर्वी ग्रुपवर पोल टाकला, मॉडर्नला एकोणीस मतं, बाकीचे मिळून सात. मी खूश. दोन टेबलं जास्तीची मांडली, पोटमाळ्यावरचा पंखा पुसून घेतला. शनिवारी पाच जण आले. त्यातले दोघे सख्खे भाऊ, डेक एकच, थोरल्याने आणलेला, धाकटा म्हणे, "दादा हरला की मी खेळतो." तिसऱ्याच्या साठ कार्डांत अकरा कार्डं प्रिंटरवर काढून स्लीव्हमध्ये सरकवलेली, जी अधिकृत इव्हेंटमध्ये चालत नाहीत. ती एकेक बाहेर काढताना त्याचं तोंड बघवत नव्हतं. रात्री मी ग्रुपवर विचारलं, बाकीचे कुठे होतात? एकाने प्रामाणिकपणे लिहिलं, "मॉडर्न बघायला आवडतं, डेक नाहीये." मत द्यायला अंगठा लागतो, खेळायला 2003 च्या एट्थ एडिशनपासूनच्या सेटांमधली नेमकी कार्डं लागतात.

त्यानंतर मी पोल बंद केला आणि नावांची यादी सुरू केली. नाव लिहायचं, पुढे डेकचं नाव लिहायचं. एकोणीस अंगठ्यांचे सहा डेक होतात, असा साधारण दर निघाला.

पॉपरवर माझा जीव आहे, त्यामुळे हा मुद्दा लिहिताना वाईट वाटतं. फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात साध्या दर्जाची कार्डं, डेक खरोखर स्वस्त. पण स्वस्त म्हणजे हाताशी असणं नव्हे. जुन्या सेटांतली कॉमन कार्डं इथे कुणी जपून ठेवलेली नाहीत. ती बाहेरून मागवावी लागतात, आणि पन्नास रुपयांच्या कार्डाला टपालखर्च त्याच्या कितीतरी पट पडतो. उलट स्टँडर्डची कार्डं दुकानात ताजी असतात आणि नवा खेळाडू मोबाइलवर अरीना या मॅजिकच्या अॅपमध्ये तेच खेळून आलेला असतो. त्याला नियम शिकवावे लागत नाहीत, फक्त खरी कार्डं शफल कशी करायची तेवढं दाखवावं लागतं. स्टँडर्ड महाग पडतं, वाद नाही. 2023 मध्ये सेट टिकण्याची मुदत दोनाची तीन वर्षं झाली तेव्हा वाटलं खिशाला जरा आराम मिळेल, तर 2025 मध्ये एका वर्षात सहा सेट स्टँडर्डमध्ये आले. यावर कंपनीला शिव्या द्यायच्या असतील तर मीही रांगेत आहे. पण पोरांना कुणी ढकललेलं नाही. ती अरीनाच्या दारातून स्वतः आत आली.

आणि रोटेशनमधून बाहेर पडलेल्या डेकचं काय करायचं, यासाठीच आम्ही महिन्यातून एकदा पायोनियर लावतो. 2012 च्या रिटर्न टू रॅव्हनिकापासूनची कार्डं चालतात, म्हणजे गेल्या वर्षीचा स्टँडर्ड डेक थोडी डागडुजी करून तिथे उभा राहतो. यात दुकानाची नवी विक्री जवळजवळ काही नाही. मेसेजच्या तर्काने हा फॉरमॅट आमच्याकडे असायलाच नको होता.

"पुढे पाठवा" एवढंच राहिलं. मी पाठवला, आमच्या यादीच्या ग्रुपवर, खाली नाव लिहायच्या लिंकसकट. या शनिवारी पायोनियर आहे, रविवारी मेगाब्लॉक असल्यामुळे मुद्दाम शनिवारच धरलाय. आत्तापर्यंत सात नावं आली आहेत.