शेतकरी ग्रुपवर खरं बोलणाऱ्याचा स्क्रीनशॉट ठाण्यात देऊ नका

पेरण्या सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती, सगळीकडून तो माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'मी चोर बीटी लावलं' (म्हणजे मंजुरी नसलेलं, तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं), 'मी कुंपणात करंट सोडतो', 'मनाई असलेलं औषध मारलं' असं जो कोणी ग्रुपवर स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, त्याचा स्क्रीनशॉट ॲडमिननं सरळ पोलीस स्टेशनला द्यावा. नाही दिला तर ॲडमिनही आरोपी. कबुली म्हणजे पक्का पुरावा. आपण फक्त माहिती द्यायची, पुढचं पोलीस बघतील. एकदा भीती बसली की लोक सुधारतील.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. करंटच्या तारेनं माणसं मरतात आणि त्याचा संताप मलाही येतो. पण हा उपाय चुकीचा आहे. तो पाळला तर माणसं वाचणार नाहीत, उलट जास्त जातील, असं मला ठामपणे वाटतं. दारव्हा-दिग्रस भागातला एक शेतकरी ग्रुप मी चालवतो, म्हणून उत्तर देणं माझं कामच आहे.

"रिपोर्ट दिला नाही तर ॲडमिनही आरोपी." सगळ्यात जास्त लोक याच वाक्याला घाबरलेत, म्हणून ते आधी घेतो. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्यानं एका बाईबद्दल अश्लील मजकूर टाकला. त्याला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं आणि १ मार्च २०२१ ला खंडपीठानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणसं जोडणं आणि काढणं एवढंच असतं. दोघांचं आधीपासून संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या लिहिण्याची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असा तो निकाल आहे.

हा निकाल मजकुराबद्दल झाला. कळलेला गुन्हा पोलिसांना सांगण्याबद्दल कायद्यात वेगळी कलमं आहेत, आणि ती लपवून मला वाद जिंकायचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये खून, सदोष मनुष्यवध, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, अन्न-औषधातली भेसळ अशा गुन्ह्यांची यादी दिली आहे. त्यांची खबर देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम ३४ खेड्यात राहणाऱ्याला आणखी बांधतं: आपल्या गावात किंवा गावाजवळ अजामीनपात्र गुन्हा घडला, घडणार असल्याचं कळलं, किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर ते सांगावं लागतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही गप्प राहणं हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. या बाबतीत ॲडमिन, मास्तर, पोलीस पाटील, शेजारी, कोणालाच सूट नाही, आणि नसावी.

पण मेसेजवाल्याची मागणी एवढ्यावर थांबत नाही. त्याला नियम मोडल्याची हरेक कबुली ठाण्यात जायला हवी आहे. असं कायदा कुठंच म्हणत नाही. चोर बीटी लावणाऱ्याला ज्या पर्यावरण संरक्षण कायद्याची भीती घातली जाते, त्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं काढून तिथं आर्थिक दंड ठेवला. ज्या चुकीला खुद्द संसदेनं तुरुंगाऐवजी दंड पुरेसा मानला, तिच्यासाठी आपण शेजाऱ्याला ठाण्यात उभं करायचं?

"कबुली म्हणजे पक्का पुरावा." नाही. पोलिसांसमोरची कबुलीसुद्धा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. चार लोकांत बोललेली कबुली चालते, पण तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. मोबाइलमधला मजकूर कोर्टात ठेवायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि ग्रुपवर लोक फुशारकीही मारतात. 'आपल्या वावरात डुक्कर पाय ठेवून दाखवो' असं लिहिणाऱ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) कैक वेळा जुन्या साड्या बांधलेल्या असतात, दुसरं काही नसतं.

"आपण फक्त माहिती द्यायची, पुढचं पोलीस बघतील." हे वाक्य फार निरुपद्रवी वाटतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवलत नव्या संहितेत आहे, तीही वरिष्ठांच्या परवानगीनं. म्हणजे 'ठाणेदार साहेब बोलावून समज देतील आणि सोडून देतील' हा आपला समज आहे, कायद्याची हमी नाही. एकदा नोंद झाली की ऐन डवरणीत बयानाला जायचं, मोबाइल जमा, मग जामीन, मग तालुक्याच्या कोर्टात तारखा. पाच एकर कोरडवाहूवाल्याचे दोन हंगाम त्यात जातात. आणि स्क्रीनशॉट देणाऱ्याला साक्षीदार म्हणून तेवढ्याच चकरा माराव्या लागतात, हे मेसेजमध्ये कोणी लिहिलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. "भीती बसली की लोक सुधारतील."

भीती बसली की लोक काय करतात हे विदर्भानं पाहिलेलं आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात श्रीनिवास नावाचा रेडिओ कॉलर लावलेला वाघ शेताच्या करंटच्या तारेला लागून मेला. त्याचं शव पुरून टाकण्यात आलं होतं. कॉलर होती म्हणून वन विभाग तिथपर्यंत पोहोचला. नाहीतर तार कुठं आहे, कोणाच्या वावरात आहे, हे बाहेर आलंच नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तारेला कोणी माणूसही लागला असता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, वारा तोंडावर. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एक रीत पडली आहे. फवारणीनंतर कोणाला मळमळ, अंधारी, लाळ, घाम सुरू झाला की त्याच्या घरचं कोणीतरी लिहितं. लगेच चार जण विचारतात: औषध कोणतं, किती मिसळलं, डब्याचा फोटो टाका, लेबलवरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा. तेवढ्यात दुसरा कोणी १०८ ला फोन लावतो. डबा सोबत घेऊन जा, हे हटकून सांगितलं जातं.

डब्याचा एवढा आग्रह का, ते सांगतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात आणि त्यावर जीव वाचतो. ग्लायफोसेट या तणनाशकाला मात्र खास उतारा नाही, तिथं उपचाराची दिशाच वेगळी. आणि ग्लायफोसेट हेच चोर बीटीवर मारायचं औषध. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्रानं ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असं बंधन घातलं आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं ते स्वतः मारलं, त्याला डॉक्टरला खरं सांगताना एकाच वाक्यात दोन नियम मोडल्याची कबुली द्यावी लागते. आज तो ती ग्रुपवर देतो, कारण तिथं आपली माणसं आहेत. उद्या त्या कबुलीचा स्क्रीनशॉट ठाण्यात जाणार असेल तर त्याची बायको लिहील, 'यांना उन्हानं चक्कर आली.' मग डबा घरीच राहील आणि डॉक्टर अंधारात उपचार करत राहील.

हे मी कल्पनेनं रंगवत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आठवा. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत शिक्षा होती. त्या भीतीनं आपल्याकडं औषध पिऊन दवाखान्यात आणलेल्या माणसाचे घरचे 'फवारताना अंगावर गेलं' म्हणून सांगत. अशी घरं प्रत्येक गावात सापडतील. केसची भीती वाटली म्हणून औषध पिणं कोणी थांबवलं नाही, फक्त सांगणं थांबवलं. शेवटी कायदाच बदलला: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरायला सांगितलं, आणि नव्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरलंच नाही. ज्या विदर्भानं शेतकरी आत्महत्यांचं दुःख इतकं भोगलं, तिथं पुन्हा तोंड बंद करणारा नियम कोणी आणू नये.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथं विनापरवाना पिणं हाही गुन्हाच. तरी तिथं व्यसनमुक्तीचं काम चालतं आणि माणूस येऊन सांगतो, 'मी रोज पितो, सुटत नाही.' त्या बैठकीत शिपाई बसवला तर दुसऱ्या दिवशी बैठकीला कोण येईल?

मग करंटवाल्याचं काय करायचं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर देणं मी टाळणार नाही. चोर बीटीनं शेजाऱ्याचा जीव जात नाही, करंटनं जातो. वाघाचा जातो, जागलीवर जाणाऱ्या बापाचा जातो, सकाळी धुऱ्यानं सरपण आणायला निघालेल्या बाईचा जातो. बाजारातल्या झटका मशीनचा करंट क्षणाक्षणाला तुटक येतो, जनावर दचकून मागं होतं. थेट लाइनवरून ओढलेला २३० व्होल्टचा करंट सलग असतो, स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही.

म्हणून असं कोणी लिहिलं की आमच्याकडं त्याचवेळी फोन जातो. मेसेज टाकून थांबत नाही, बोलतो. तार आत्ताच्या आत्ता उतरव. आजूबाजूच्या चार वावरवाल्यांना कळवतो की त्या बाजूनं फिरकू नका. लाइनमनला सांगतो. आणि त्या माणसाला तोंडावर सांगतो की आज दिवस मावळायच्या आत तार निघाली नाही तर ११२ ला मी फोन करणार, माझ्या नावानं करणार. कोणी त्या वाटेनं निघालेलंच असेल तर संध्याकाळचीही वाट पाहायची नाही, लगेच ११२. जनावर अडकलं असेल तर वन विभागाचा १९२६. इथं पोलिसांना बोलावणं बरोबर आहे, कारण समोर जीव आहे आणि वेळ नाही. त्यानंतर त्याला सौर कुंपणाच्या अनुदानाचा अर्ज भरून द्यायचा, रानडुकरानं केलेल्या नुकसानीचा पंचनामा करून घ्यायला सोबत जायचं. अख्खी तूर एका रात्रीत लोळवून गेलेल्या डुकरांपुढं माणूस हताश झाला की तारेकडं वळतो, हे विसरून चालणार नाही.

मेसेजमध्ये या दोन गोष्टींत फरकच नाही. चालू धोका आणि झालेली चूक, दोन्ही एका स्क्रीनशॉटमध्ये कोंबली आहेत. धोका चालू असेल तर उघडपणे, त्या माणसाला सांगून, ताबडतोब हालचाल करा. झालेल्या चुकीसाठी मागून गुपचूप रिपोर्ट देणं, ही विश्वासानं बोललेल्या माणसाशी केलेली दगलबाजी आहे.

शेवटचा मुद्दा: "लावणाऱ्यांवर केसेस पडल्या की चोर बीटी आपोआप बंद होईल." १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणं सांगून-सवरून, सगळ्यांदेखत लावलं. गुन्हे दाखल झाले. चोर बीटी बंद झालं का? निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, तोवर मागणी राहणारच. त्या बियाण्याचं समर्थन मी करत नाही. त्याला चाचणीतून मंजुरी नाही, पाकिटावर लॉट नंबरचा भरवसा नाही, बिल कोणी देत नाही. उगवलं नाही तर शेतकरी तक्रारही करू शकत नाही. नफा मात्र मोटरसायकलवर पिशवी अडकवून संध्याकाळी गावात येणाऱ्याचा आणि त्याच्या मागच्या मोठ्या व्यापाऱ्याचा होतो. बियाणे कायदा, जीवनावश्यक वस्तू कायदा हे त्यांच्यासाठी आहेत.

त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊ शकणारा एकच माणूस आहे: ज्यानं पाकीट विकत घेतलं तो. पाकिटाचा फोटो, दिलेले पैसे, आणून देणाऱ्याचा फोन नंबर, कोणत्या दिवशी कुठल्या पारावर व्यवहार झाला, ही सगळी माहिती त्याच्यापाशी आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याला धाड घालायला हीच लागते. ती ग्रुपवर येते, आणि घेणारा तयार झाला तर आम्ही त्याच्यासोबत कृषी कार्यालयात जातो. त्यालाच आधी आरोपी केलं तर तो गप्प बसेल, आणि पिशवीवाला पुढच्या मे महिन्यात बिनधास्त गावात येईल.