उघड्या अंगानं डोंगर चढताना

जर्मनीतल्या हार्झ डोंगरात डांकेरोडं नावाचं गाव आहे. तिथून विपर धरणाकडं जाणारी साधारण 18 किलोमीटरची एक पायवाट 2010 पासून विवस्त्र चालणाऱ्यांसाठी खुली आहे. नागडी माणसं बघायची नसतील तर इथून पुढं जाऊ नका, अशी सरळ पाटीच सुरुवातीला लावली आहे. मी कोल्हापूरची, दोन लेकरांची आई, आणि या वाटेवर मी चालते.

पायात बूट, पाठीवर सॅक, बाकी अंगावर काही नाही. चढावर घाम येतो आणि वाऱ्यानं तिथल्या तिथं वाळतो. ओलं कापड चिकटत नाही, कुठं इलॅस्टिक काचत नाही. सावलीतून उन्हात आलं की ऊब आधी पाठीला कळते, मग पोटाला. पोटाला वारा लागतो कसा, हे लहानपणानंतर मी विसरूनच गेले होते. बाळंतपणाच्या खुणा असलेलं हे पोट पदराखाली, ओढणीखाली लपवण्यात किती वर्षं गेली! समोरून साठीची एखादी बाई येते, चेहऱ्याकडं बघून 'हॅलो' म्हणते आणि निघून जाते. बाकावर बसायचं तर आधी टॉवेल अंथरायचा, हा इथला शिष्टाचार. घरी आल्यावर गोचिडी चावल्यात का ते अंगभर तपासायचं, त्यात हयगय नाही.

युरोपात सगळीकडं हे चालतं असंही नाही. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल इनररोडन कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, 2009 साली लोकांनी भर चौकात हात वर करून नागड्यानं डोंगर चढण्यावर बंदी घातली, दंड 200 फ्रँक. तिथल्या लोकांचा तो हक्कच. म्हणूनच मला हार्झची पाटी आवडते. ज्याला नको आहे त्याला आधीच कळतं.

2025 मध्ये अंबाबाई आणि जोतिबाच्या मंदिरांत तोकड्या कपड्यांना मनाई झाली, तेव्हा आमच्या नातेवाइकांत फोनवर जोरात वाद झाले. मंदिराचा नियम मंदिरात पाळावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोलता बोलता गाडी 'उघडं अंग आपल्यात चालत नाही' इथवर गेली, ते मला पटलं नाही.

आपल्यात चालतं की! कुंभोजच्या बाहुबलीची 28 फुटी मूर्ती दिगंबरच आहे. हातकणंगले-शिरोळ भागात दिगंबर जैन मुनिमहाराजांचा विहार, म्हणजे पायी प्रवास, चालू असला की लोक गाडी बाजूला घेऊन हात जोडतात. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत लंगोट लावलेले पैलवान भरल्या मैदानात लढतात आणि आयाबाया घरी त्यांचं कौतुक करतात. उघड्या अंगाकडं आदरानं बघायला कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही.

मात्र तो आदर पुरुषाच्या वाट्याला येतो, आणि त्यालाही त्याग किंवा ताकद असं काहीतरी कारण लागतं. दिगंबर परंपरेतल्या आर्यिका, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. मुनींचा त्याग आणि माझं भटकणं एका पारड्यात मी घालत नाही, ते फार मोठं आहे. मी चालते ती निव्वळ सुखासाठी. बाईला स्वतःच्या अंगाचं असं सुख मिळावं, त्याला दुसरं कारण लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कुणी विवस्त्र फिरावं असं मी सुचवत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यांबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 296 आहे, आणि त्याहून मोठी अडचण मोबाइल काढून उभ्या राहणाऱ्या पोरांची. पण माझी भाची जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालते. पावसानं भिजलेली जीन्स चिखलात मांड्यांना घासून सोलते, तरी 'बरोबर पोरं असतात' म्हणून ताई तिला हाफ पँट घालू देत नाही. त्याच वाटेवर पोरं मात्र गुडघ्याच्या वर चड्ड्या घालून निवांत चाललेली असतात. यंदा भाची हाफ पँटच घालणार आहे, आणि ताईशी भांडायचं काम मी अंगावर घेतलं आहे.