पोळी चारलेला शिक्रा
अमिरातीत ससाण्याला पासपोर्ट मिळतो, मग आपल्याकडे परवाना देऊन बाज पाळू द्यायला काय हरकत, असं एका लेखात विचारलंय. परवान्याचं सोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिक्रा, म्हणजे बाजासारखा छोटा शिकारी पक्षी, नुसता धरणं हीच शिकार. ताब्यात आला तर ४८ तासांत कळवायचं. आमच्या गावात एकाने बांधावरच्या कडुनिंबाखाली पडलेलं पिल्लू घरी आणलं, पायाला सुतळी बांधली अन् भिजवलेली पोळी चारली. मांसखाऊ पाखराला पोळी! चौथ्या दिवशी पंख लोंबलेले, सुतळीने पाय सोललेला. मी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला तर तो गडी माझ्यावरच डाफरला, "जीव वाचवला नं म्या त्याचा!" पिल्लू नागपूरला सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रात नेलं. पाय वाचला का, कळलं नाही.