निघायचं किती वाजता?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शनिवार-रविवारी मुलांना कुठे न्यायचं, यावर शुक्रवारी रात्री घरोघरी मोठी खलबतं होतात. मला ती खलबतंच फुकट वाटतात. कुठे जायचं याला फारसा अर्थ नाही, खरी गोम किती वाजता पोचायचं यात आहे. पण तो विषय कोणी काढत नाही, कारण पाठोपाठ लवकर उठण्याचा विषय निघतो.

प्राणिसंग्रहालयाचंच घ्या. सिंह दिवसातले 18-20 तास लोळून काढतो. उरलेल्या वेळात तो जे काही कर्तृत्व गाजवतो ते पहाटे, संध्याकाळी नाहीतर रात्री. आपण सहकुटुंब तिथे पोचतो दुपारी साडेबाराला. मग झुडपामागून दिसणारं शेपटीचं टोक आणि ‘ऊठ ना रे!’ म्हणून ओरडणारे पालक एवढाच काय तो देखावा. हो, ओरडतात ते पालकच. मुलं कधीच शेजारच्या कावळ्यात रमलेली असतात. कावळ्याला तिकीट नसतं, हे बापाच्या जिव्हारी लागतं. म्हणून फाटक उघडताच आत शिरावं आणि आधी वाघ-सिंह गाठावेत. साप दुपारसाठी राखून ठेवावेत. एक तर ते बहुधा छपराखाली असतात आणि दुसरं म्हणजे ते सकाळीही फारसे हलत नाहीत.

सकाळी निघायला उशीर होण्यात सनस्क्रीनचा वाटा मोठा असतो. ते उन्हात जाण्याआधी 15 ते 30 मिनिटं लावायचं असतं, म्हणजे चपला घालण्याच्या कितीतरी आधी. आपण ते लावतो रिक्षा दारात आल्यावर. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचाव किती ते सांगणारा बाटलीवरचा आकडा, निदान 30 हवा आणि दर 2 तासांनी पुन्हा लावायला हवं. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं. एवढं क्रीम बघून घरातलं वडीलधारं माणूस ‘घराला रंग काढलाय का?’ असं विचारणारच. त्यांनाही लावावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र क्रीमपेक्षा सावली आणि अंगभर कपडे बरे.

आदल्या रात्री पाण्याच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरून ती फ्रीझरमध्ये आडवी ठेवावी आणि सकाळी वरून साधं पाणी भरावं. उत्साहाच्या भरात काठोकाठ भरलेली बाटली फुगते किंवा तडकते, कारण पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे 9 टक्के जास्त जागा मागतो. समजा ती टिकली, तरी तहानेच्या वेळी तिच्यातून निघतात चार थेंब, आणि मूल त्या बाटलीकडे दगडाकडे बघावं तसं बघतं.

पोहण्याचा तलाव किंवा वॉटर पार्क हा सगळ्यांचा आवडता बेत. तिथे शिरताच कोणीतरी जाणकार नाक वर करून म्हणतो, ‘वा, क्लोरीनचा काय वास येतोय! पाणी स्वच्छ दिसतंय!’ त्याच्या आनंदावर विरजण घालणं माझ्या जिवावर येतं. तो उग्र वास क्लोरामाइन्सचा असतो. पाण्यातल्या क्लोरीनची घाम आणि लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन्स तयार होतात. डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. वास जितका जोरदार, तितका आधी येऊन गेलेल्या मंडळींचा हातभार मोठा. त्यावर उपाय साधे आहेत: उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घ्यावा आणि मुलांना तासाभराने बाहेर काढून बाथरूमला न्यावं. ‘लागली का?’ असं विचारू नये. पाण्यात उभ्या असलेल्या मुलाचं उत्तर ‘नाही’ असंच असतं, आणि ते लवकरच खरंही होतं.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्याची नाही. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर भरवसा ठेवू नये. पोहता न येणारं मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्याचा फोन पिशवीत हवा.

बागेतल्या घसरगुंडीला आधी हाताची मागची बाजू लावून बघावी. उन्हात तापलेल्या पत्र्यावरून मूल घसरत नाही, किंचाळतं. प्लास्टिकचीही तीच गत, गडद रंगाच्या तर जास्तच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की बाग आवरती घ्यावी आणि संग्रहालय गाठावं. तिथे तीनच गोष्टी ठरवून दाखवाव्यात. सगळी दालनं बघणारच, असा हट्ट मोठ्यांचा असतो. मुलाच्या लक्षात राहतं ते भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं.

घरून निघतानाच मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवावा. गर्दीत चुकामूक झाली की शर्ट निळा होता की हिरवा, यावर आई-बाबांचं एकमत होत नाही.

आणि परत फिरायचं ते मूल ‘अजून थोडा वेळ’ म्हणत असतानाच. ते रडायला लागेपर्यंत थांबलात, तर फाटकापर्यंत पिशवीही उचलावी लागते आणि मूलही. शिवाय खेळण्यांचं दुकान नेमकं फाटकाजवळच असतं.