तत्त्वाचा माणूस व्हायचं तर

गावात पुढारी पुष्कळ आहेत. तत्त्वाचा पुढारी मात्र एखादाच असतो, आणि ती जागा सध्या रिकामी आहे. जे होते ते गेले, उरले ते पोराकडे पुण्याला राहायला गेले. तेव्हा वेळ दवडू नका. तत्त्व अंगी बाणवायला फार खर्च येत नाही. कडक इस्त्रीचा एक पांढरा कुर्ता, खांद्यावर दुपट्टा, आणि गावाच्या ग्रुपवर रोज टाकायला एक सुविचार. सुविचार पहाटे पाचच्या आत पडला पाहिजे. तो टाकून पुन्हा झोपायला कोणाची हरकत नाही. लोक मेसेजवरची वेळ पाहतात, तुमचे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पाहायला कोणी घरी येत नाही.

शिकलेसवरलेले लोक सांगतात की नेतृत्व स्वतःपासून सुरू करावं. सल्ला चांगला आहे, पण स्वतःपासून सुरू केलं की ते तिथंच अडकून पडतं. म्हणून शेजाऱ्यापासून सुरू करा.

शेजाऱ्याशी आपलं सगळ्यांत जुनं नातं धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं. नांगरणीला ट्रॅक्टर आला की ड्रायव्हरला एवढंच म्हणायचं, "जरा कडेनं घे गा." कोणाच्या कडेनं, ते त्याला कळतं. वर्षाला नांगराचं एक तास. एक तास म्हणजे किती, तर वीतभर माती. वीतभर मातीसाठी कोणी मोजणीची फी भरत नाही, भूकरमापकाला चहा पाजत नाही आणि तहसीलच्या पायऱ्या तर नाहीच चढत. दहा-बारा वर्षांत धुऱ्यावरचं बोरीचं झाड जागचं न हलता तुमच्या वावरात आलेलं असतं. एवढं झालं की दुसऱ्यांच्या भावाभावांच्या वाटणीत पंच म्हणून बसायला तुम्ही पात्र ठरता. तिथे आवाज खाली ठेवा आणि म्हणा, "जमीन कोणाच्या संग येत नाही बाप्पा." पांधण, म्हणजे वावरात जायची वाट, मोकळी करायची मोहीम निघाली तर नारळ तुम्हीच फोडा. तुमच्या वावरापाशी येऊन ती पांधण बैलबंडीपुरती उरते, पण नारळ गावाकडच्या तोंडाला फोडायचा असतो. तिथून ते दिसत नाही.

तत्त्वाची खरी परीक्षा मात्र वेचणीत होते.

दिवस कलला आहे. बाया वावराच्या काठाला आल्यात, कंबरेची ओटी सोडून कापूस फडक्यात बांधताहेत. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगलेला आहे. एकेक गाठोडं आकड्याला अडकतं, फांदी करकरते, काटा खाली जातो, वर येतो, सतरा आणि अठराच्या मध्ये थरथरत राहतो. तुमची सगळी कसोटी याच क्षणाला आहे. काटा थांबायच्या आत तुम्ही "सतरा" म्हणायचं आणि वहीत लिहून मोकळं व्हायचं.

"मालक, साडेसतराच्या वर हाये ना."

"अन् फडक्याचं वजन, माय? फडकंबी झाडालेच लागलं होतं काय?"

यावर आपण आधी हसायचं, मग बायाही हसतात. हसत कापलेला अर्धा किलो कोणी मनाला लावून घेत नाही, निदान तुमच्यासमोर तरी नाही. वीस बाया असतील तर रोजचे दहा किलो झाले. त्याला चोरी म्हणू नये. वहीत त्याचा रकानाच नसतो, मग चोरी कुठून होईल?

आता हाच कापूस गाडीत भरून तुम्ही विकायला नेता. तिथे व्यापारी बोंडातली किडकी कवडी काढून दाखवतो, मूठभर कापूस गालाला लावून ओलावा सांगतो आणि क्विंटलमागे किलो-दोन किलोची कट्टी, म्हणजे वजनात कपात, धरतो. इथे तुम्ही पेटून उठलं पाहिजे. "शेतकऱ्याच्या घामाचं माप मारता काय?" असं म्हणून काटा बंद पाडा, रस्त्यावर बसा, बाजार समितीच्या सभापतीला निवेदन द्या. हा राग खोटा असतो असं काही लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. तो शंभर टक्के खरा असतो, म्हणूनच भाषण रंगतं. व्यापाऱ्याच्या काट्याखाली उभ्या असलेल्या माणसाला बाभळीचा काटा आठवत नाही, आणि आठवू नये अशीच देवाची योजना आहे.

भाव पडले की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जावं लागतं. तिथं हमीभावाला आठ टक्के ओलावा धरतात, बारापर्यंत भाव कापून घेतात आणि बाराच्या वर गाडी परत लावतात. आदल्या रात्री फवारणीच्या पंपानं कापसावर पाणी मारायची जुनी युक्ती आता जपून वापरा, कारण कापूस तपासणारा ग्रेडर ओलाव्याच्या यंत्राची सुई गंजीच्या पोटात खुपसतो. आणि गाडी परत आलीच, तर ओलाव्याचा विषय टाळून शेतकऱ्याच्या अपमानावर बोला. तो विषय मोठा आहे आणि त्यात आकडे येत नाहीत.

एका माणसापासून मात्र सावध राहा. असा एक प्रत्येक गावात असतोच. तो ताणकाट्याचं तोंड बायांकडे करतो आणि म्हणतो, "तूच वाच वं." पोरगी वाचते, "साडेसतरा," तो साडेसतरा लिहितो. फडक्याचं वजन तो पहिल्याच दिवशी कोरं फडकं टांगून सगळ्यांसमोर करून ठेवतो. मजुरीचा हप्ता बाजाराच्या आदल्या दिवशी देतो, बाजारातून परत आल्यावर नाही. दोन ओळींचं भाषण त्याला धड करता येत नाही, फ्लेक्सवर कधी दिसला नाही. तरी वेचणीच्या दिवसांत तुम्ही गाडी पाठवूनही बाया मिळत नाहीत, आणि त्याच्या वावरात सांगावा न धाडता येतात. अवकाळी येतो तेव्हा त्याचा कापूस घरात असतो, तुमचा झाडावर भिजत असतो. याला नशीब म्हणायचं. दुसरं काही म्हणायला लागलात तर त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटेल, आणि त्याच्याजवळ बसलं की काट्याचं तोंड फिरवायची सवय लागते. राजकारण तिथंच संपलं.

आता ग्रामसभा. वर्षातून निदान चारदा ती घ्यावीच लागते, त्याला इलाज नाही. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो कमी तो. सभा दहाची लावा आणि स्वतः साडेबाराला पोचा. तोवर आलेली माणसं मोटरची लाइट आली म्हणून वावरात गेलेली असतात. कोरम नाही, सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! ज्याला कायद्याची ही एक ओळ कळली त्याला बाकीचा कायदा वाचायची गरज पडली नाही. पुढच्या सभेला तुम्ही, ग्रामसेवक, शिपाई आणि पंख्याखाली अंग टाकायला आलेले दोन म्हातारे पुरतात. सह्यांसाठी रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं. लोकशाही लोकांच्या दारापर्यंत न्यायची म्हणतात, ती अशी.

महिलांची वेगळी सभाही आधी घ्यावी लागते. ती कागदावर उत्तम होते. 2011 पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या झाल्या म्हणून घाबरून जाऊ नका. अर्ज तिच्या नावाचा भरा, फ्लेक्सवर फोटो आपला लावा. खुर्ची रिकामी दिसली की बसा. कोणी अधिकारी आला आणि "सरपंच कोण?" म्हणाला, तर खुर्चीतूनच आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारा, "अवं, सही करायले ये." मात्र हे पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. काही बाया सही करण्याआधी कागद वाचायला लागल्या आहेत. एकदा वाचायला लागली की ती वरचा कागदही वाचते आणि खालचाही, आणि मग जेवताना विचारते.

अभ्यास दौरा मात्र करा, तोही पंचायतीच्या खर्चानं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हातात आलं. तिथे निर्णय सर्वांच्या सहमतीनं होतो. एकाला पटलं नाही तर विषय पुन्हा चर्चेला. तुम्ही जाल तेव्हा लोक गोल करून बसलेले असतील. सवयीनं तुम्ही विचाराल, "अध्यक्ष कोण?" ते एकमेकांकडे पाहतील. तिथं फार थांबू नका. पाटीजवळ फोटो काढा, जेवण चांगलं असतं ते करा आणि परत या. एकेकाला पटेपर्यंत बोलत बसायचं म्हणजे वर्षाला एक नाली तरी होईल काय? आपल्याकडे बघा, एका बैठकीत तीन नाल्या मंजूर होतात. त्यांतलं पाणी कुठं जाणार हे पुढच्या पंचवार्षिकला ठरतं.

स्वच्छता तर विदर्भाच्या मातीतच आहे. गाडगेबाबा 1876 साली शेंडगावात जन्मले, 1956 मध्ये वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. मधली सारी वर्षं बाबा ज्या गावात गेले तिथं दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. पाया कोणाला पडू देत नसत. या पद्धतीत थोडी सुधारणा केली की ती आजच्या काळाला चालते. 2 ऑक्टोबरला शिपाई भल्या पहाटे रस्ता झाडून ठेवतो. मग साहेब यायच्या आधी निंबाचा एक टोपलं पाला त्याच रस्त्यावर नीट पसरावा. पाला ताजा घ्या, फोटोत हिरवा दिसतो. नवे खराटे हवेत, त्यांवर दुकानाची चिठ्ठी राहू देऊ नका. फोटो झाला की खराटे पंचायतीत जमा आणि पाला शिपायाकडे. पाया पडू न देण्याची बाबांची अट आपल्याला लागू नाही, आपण संत नाही.

व्यसनमुक्तीवर बोलताना तंबाखूचा खर्रा डाव्या गालात सरकवा, उच्चार स्वच्छ येतात. वर्ध्याला गांधीजींचा जिल्हा म्हणून दारूबंदी, गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून 1993 मध्ये आणली, हे दाखले द्या. तुमच्या गावच्या बाया दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीला मत द्यायला निघाल्या, तर मात्र त्या दिवशी तालुक्याला महत्त्वाचं काम काढा.

घरपट्टीचं सांगायचं राहिलंच. ती निवडणूक लागली की भरायची असते, कारण थकबाकीदाराचा अर्ज बाद होतो. त्या पंधरवड्यात पंचायतीच्या तिजोरीला जी बरकत येते ती बघून वाटतं, निवडणूक दर सहा महिन्यांनी घ्यावी. शौचालय वापरत असल्याचा दाखलाही त्याच वेळी लागतो, म्हणून त्यातल्या सरपणाच्या मोळ्या आठवणीनं बाहेर काढा.

एवढं सगळं सांभाळलं की तुम्ही गावात मानाचे होता. पोळ्याला गावाच्या कडेच्या मोकळ्या आखरावर तोरण बांधतात, त्याखाली तुमची जोडी पहिली उभी राहते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. इथे एकच अडचण आहे आणि तिच्यावर आजवर कोणत्याही पुढाऱ्याला उपाय सापडलेला नाही. पोळ्याला झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायची खोचक कवनं, होतात. झडती कोण म्हणेल, काय म्हणेल, त्याचा ठराव नसतो, कोरम नसतो, सभा तहकूबही करता येत नाही. मागून एखादा सालदार कानावर हात ठेवतो आणि सुरू होतो:

काटा रे काटा, बाभळीचा काटा,
मालकाच्या मापात अर्ध्या किलोचा तोटा,
तोटा गेला धुऱ्यावर, धुरा चढला बोरीवर,
बोर म्हणे मी हाल्ली नाई, वावर कसं आलं बाई!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

नाव कोणी घेतलेलं नसतं. तरी सगळ्या माना तुमच्याकडे वळतात, त्यात वेचणीच्या बायाही असतात आणि या वेळी त्या आधी हसतात. चिडू नका. पोलीस पाटलाकडे पाहू नका, तोही हसत असतो. शूटिंग करणाऱ्या पोट्ट्याला जवळ बोलवा, दुपट्टा नीट करा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात "हर हर महादेव" तुम्हीच म्हणा. बैल बुजले तरी चालेल, कासरा सालदाराच्या हातात असतो.